वॉलरसची वही आणि ठाण्याची खाडी

ईराला गेल्या दिवाळीपासून वॉलरसचं वेड लागलंय. टीव्हीवर एका रात्री तिने किनाऱ्यावर एकमेकांना खेटून पडलेले हजारो वॉलरस पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी कोरी वही काढून तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘वॉलरस’ असं नाव घातलं. ती दहा वर्षांची आहे. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी बसतो, वाचतो आणि त्या वहीत काहीतरी लिहितो. आमचं घर कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या संगमापासून दहा मिनिटांवर. समुद्र म्हणजे वर्षातून एकदा गणपतीपुळे. पण वही निम्मी भरली आहे.

जानेवारीत ठाण्याहून ताईचा फोन आला. “खाडीत फ्लेमिंगो आलेत. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, पोरीला घेऊन ये.” ईराने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, “मावशी, खाडीत वॉलरस असतो का गं?” नसतो, हे तिलाही ठाऊक होतं. वॉलरस उत्तर ध्रुवाजवळचा. अलास्का, रशियाचा उत्तर किनारा, कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वेचं स्वालबार्ड ही त्याची गावं. तरी तिने पुढचा प्रश्न केला, “मग चिखल तरी असतो ना?”

तो प्रश्न महत्त्वाचा होता. वहीच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलंय: ‘वॉलरस समुद्राच्या तळाच्या चिखलात शिंपल्या शोधून खातो.’ लोकांच्या डोळ्यांत भरतात ते त्याचे सुळे. चित्रात, कार्टूनमध्ये, खेळण्यात सगळीकडे सुळेच. ईराला मात्र पहिल्यापासून चिखलाचं कुतूहल. खोल पाण्यात, अंधारात, गढूळ चिखलात एवढा मोठा प्राणी एवढीशी शिंपली शोधतो कशी? याचं उत्तर आम्हाला ठाण्यात मिळेल असं वाटलं नव्हतं.

पहिला दिवस, शुक्रवार: ठाणे

रात्रीच्या एसटीने निघालो आणि पहाटे खोपटला उतरलो. भाऊजी न्यायला आले होते. नौपाड्यात ताईच्या सोसायटीत झेंडावंदन झालं, आणि तिथून थेट मामलेदारची मिसळ. तहसीलदार कचेरीला लागून असल्यामुळे ‘मामलेदार’ हे नाव पडलं, असं भाऊजींनी सांगितलं. तिथे तिखटाचे प्रकार असतात. मुलांसाठी सरळ ‘कमी तिखट’ सांगा आणि सोबत ताक घ्या. ईराने हट्टाने मध्यम मागवली. चार घासांत तिचे कान, गाल, नाकाचा शेंडा लाललाल झाले. डोळ्यांत पाणी, पण चमचा थांबेना. मध्येच म्हणाली, “आई, मी गुलाबी झाले. ऊन खाणाऱ्या वॉलरससारखी.”

शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी चमकून बघितलं, तेव्हा ईराने त्यांना सगळं समजावून सांगितलं. वॉलरस गार पाण्यात असतो तेव्हा त्याच्या कातडीतलं रक्त आत ओढलं जातं, म्हणजे अंगातली ऊब वाया जात नाही. तेव्हा तो फिकट, जवळजवळ राखाडी पांढरा दिसतो. बाहेर येऊन उन्हात पडला की रक्त परत कातडीकडे येतं आणि तो गुलाबी होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याचं अंग भाजलंय. काकूंनी जाताना तिच्या हातावर एक श्रीखंडाची गोळी ठेवली.

दुपार झोपेत गेली. संध्याकाळी तलावपाळीला. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ते ऐकून होते, पण मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी सगळं ठाणं कसं उतरतं ते यावेळी नीट पाहिलं. आजोबा लोकांचे घोळके, कणीस भाजणारे, कोपिनेश्वराच्या देवळातून येणारा घंटेचा आवाज, पाण्यावर फिरणाऱ्या होड्या. आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती, त्यामुळे चंद्र उशिरा पण भरघोस उगवला. हवा छान गार होती. ठाणेकर स्वेटर घालून आले होते, आम्हा कऱ्हाडकरांना मात्र ती थंडी पुरेशी वाटली नाही.

भाऊजींना झुपकेदार मिशा आहेत, आणि ईराला त्या आवडतात. कठड्यावर बसून तिने त्या बारकाईने तपासल्या. “काका, वॉलरसच्या ओठावर चारशे ते सातशे मिशा असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी नसा असतात, रक्त असतं. त्या मिशांनी त्याला बारीक वस्तूचा आकारसुद्धा कळतो. तुमच्या मिशांना कळतं का?” भाऊजी म्हणाले, “माझ्या मिशांना चहा लागलेला पण कळत नाही. मावशी सांगते तेव्हा कळतं.”

मग वहीतल्या गोष्टी निघाल्या. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांमध्ये एक समजूत आहे: आकाशात हिरवा-जांभळा ध्रुवीय प्रकाश नाचतो तेव्हा मेलेल्या माणसांचे आत्मे वर चेंडू खेळत असतात, आणि चेंडू म्हणून त्यांच्याकडे वॉलरसची कवटी असते. हे सांगताना ईरा चंद्राकडे बघत होती. ताई थोडा वेळ काही बोललीच नाही. तिच्या सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मग म्हणाली, “छान आहे गं. खेळत असतात म्हणे.” ईराने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. रशियात बर्फ फोडून थंड पाण्यात पोहणाऱ्या माणसांना ‘मोर्झ’ म्हणतात, म्हणजे वॉलरस. भाऊजी बाराही महिने पहाटे तरणतलावावर जातात. त्या रात्रीपासून ते आमच्या घरात मोर्झकाका झाले, आणि कऱ्हाडला परतल्यावरही फोनवर त्यांचं तेच नाव आहे.

दुसरा दिवस, शनिवार: ऐरोली

ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल पकडायची, ऐरोलीला उतरायचं आणि रिक्षा करून किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जायचं. हे सोपं आहे. अवघड आहे ती भरतीची वेळ. फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा, मग बोटीचं बुकिंग करा, आणि घरातल्यांची जेवणखाणं त्यानंतर ठरवा. बोट निघते ती पाण्याच्या सोयीने. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास मुंबईकडे भरती साधारण दुपारी बाराच्या पुढे येते, आणि पाणी पुरेसं चढल्याशिवाय बोट हलत नाही.

मला हे अर्धवट माहीत होतं. सकाळी गार असेल म्हणून आम्ही दहालाच पोहोचलो. खाडीत पाणी नव्हतंच. लांबपर्यंत नुसता काळा, चमकणारा चिखल. बोटीवरचे दादा म्हणाले, “तासभर तरी थांबा, अजून चढायचंय.” ताई वैतागली. मला वाईट वाटलं, कारण चूक माझी होती. ईरा मात्र चिखल बघून उभ्या जागी उड्या मारायला लागली.

केंद्रात फिरलो. कांदळवनातून जाणाऱ्या लाकडी वाटेवर तिवरांची मुळं चिखलातून वर डोकावताना दिसतात, पेन्सिली टोचून ठेवाव्यात तशी. ती श्वासाची मुळं. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पांढरी चिपी हे झाडही तिथे पाहिलं. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मुळांमधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या आणि एक लाल नांगीची खेकडी आपल्या बिळाच्या तोंडाशी पहारा देत होती.

मग धक्क्याकडे आलो. तिथे कडेला चिखलात एक आजी वाकून काम करत होत्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कमरेला टोपली, केसात अबोलीचा छोटा गजरा. डावा हात टोपलीवर, उजवा कोपरापर्यंत चिखलात. त्या खाली बघतही नव्हत्या. नजर समोर कुठेतरी पाण्याच्या रेषेवर, आणि चिखलात बोटं फिरत होती. दर काही क्षणांनी हात वर यायचा, मुठीत दोन-तीन शिंपल्या, त्या टोपलीत पडल्याचा टकटक आवाज, आणि हात परत आत.

ईरा धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली. आजींनीच विचारलं, “काय गो पोरी, काय बगतेस?”

“आजी, तुम्हाला चिखलात दिसतं कसं?”

“दिसायला कशाला पायजे? हाताला कलतं. दगड येगला लागतो, खुबा येगला लागतो.”

ईराने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. तिने पिशवीतून वही काढली, सातवं पान उघडलं आणि आजींना दिसेल अशी धरली. त्या पानावर तिने काढलेला वॉलरस आहे, डोकं चिखलात घातलेला. “आजी, हा पण असंच करतो. हापण बघत नाही. मिशांनी चाचपतो.” आजींनी हात लुगड्याला पुसले आणि जवळ येऊन चित्र निरखलं. “यो कंचा मासा?” मासा नाही, आपल्यासारखा पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे, असं ईराने सांगितलं. “मिशा बग कशा,” आजी हसल्या, “आमच्या म्हाताऱ्याच्या होत्या तशा.”

त्यानंतरचा अर्धा तास दोघी बोलत होत्या. मी नुसती ऐकत होते. ईराने सांगितलं की वॉलरस एका बुडीत पन्नासेक शिंपल्या खातो आणि पाचसात मिनिटांत वर येतो. तोंडातून पाण्याचा झोत मारून किंवा पुढच्या वल्ह्यासारख्या पायाने चिखल बाजूला सारतो. शिंपली फोडत नाही, चावत नाही. ओठांत धरतो, जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी झटक्यात मागे ओढतो, आणि आतलं मांस शोषून कवच तिथेच टाकून देतो. मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, “आई, उजवा.” मला कळेना. “आजींचा उजवा हात. वॉलरसचा पण उजवाच.” हे खरं आहे. ग्रीनलंडच्या ईशान्येला अभ्यासकांनी पाण्याखाली वॉलरसांचं चित्रीकरण केलं, तेव्हा ते चिखल सारायला बहुतेक वेळा उजवा पायच वापरतात असं दिसलं. आम्ही ते २००३ च्या एका अभ्यासातून वहीत उतरवलं होतं, एक विशेष माहिती म्हणून. ती अशी समोर येईल असं वाटलं नव्हतं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, डाव्या हाताला तेवढं कळत नाही.

आजींनी त्यांचंही सांगितलं. त्यांच्या आईच्या वेळी टोपली भरायला एक ओहोटी लागायची नाही. आता खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, गाळ वाढला, प्लास्टिक हाताला लागतं, काच लागते. उजव्या हाताच्या तर्जनीवर कापल्याचा पांढरा व्रण होता, तो त्यांनी दाखवला. निघताना त्यांनी ईराच्या हातात दोन रिकाम्या शिंपल्या ठेवल्या. एक रेघारेघांची, एक गुळगुळीत. “डोले मिटून वलखायला शीक,” एवढंच म्हणाल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

पाणी चढलं तशी बोट निघाली. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. साधारण १,६९० हेक्टरचा, त्यात जवळपास निम्मं कांदळवन. २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. एका बाजूला मुंबईच्या इमारती, दुसरीकडे नवी मुंबईच्या, डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा, आणि मध्ये हे पाणी. दादांनी लांबूनच इंजिन बंद केलं. आधी मला वाटलं पाण्यावर गुलाबी फेस आलाय. मग त्या फेसाला माना फुटल्या.

हजारोंनी होते. बरेचसे छोटे रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), मधूनमधून उंच मोठे रोहित. सगळ्यांच्या माना खाली, चोच उलटी करून पाण्यात. पाय नाचवत ते चिखल ढवळतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करतात. चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव अडकतात. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच ते गुलाबी होतात. ईरा माझ्या कानात कुजबुजली, “हे जेवण खाऊन गुलाबी, वॉलरस ऊन खाऊन गुलाबी. पण जीभ दोघांची पंपासारखी.” बोटीत वीसेक माणसं होती आणि त्या दहा मिनिटांत कुणीही मोठ्याने बोललं नाही. नुसता पक्ष्यांचा एकसारखा कलकलाट, बदकांसारखा, आणि बोटीच्या अंगाला लागणारं पाणी.

टोपी, पाणी आणि दुर्बीण बरोबर असू द्या, दुपारचं ऊन जानेवारीतही लागतं. दुर्बीण नसेल तर बोटीत शेजाऱ्याकडे मागा, लोक देतात. लहान मुलं असतील तर स्वच्छतागृह केंद्रातच उरकून घ्या. आणि लवकर पोहोचलात, पाणी नसलं, तरी वैतागू नका. ओहोटीचा चिखल बघायला मिळतोय असं समजा.

तिसरा दिवस, रविवार: दिवाळे आणि नेरुळ

सकाळी भाऊजींच्या गाडीने बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात. ताईने बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा घेतला होता. तिथल्या बाजारात रविवारी उभं राहायला जागा नसते. बोंबील, मांदेली, कोळंबी, जिवंत चिंबोऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. एका बाईंपुढे कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, ढीग होता. ईराने विचारलं, “हीच का ती?”

ती कालवं म्हणजे १८७१ सालची. लुईस कॅरलच्या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकात वॉलरस आणि सुताराची कविता आहे. दोघं किनाऱ्यावर फिरायला निघतात, गोड बोलून कालवांच्या पिल्लांना बरोबर चालायला नेतात आणि मग पाव, मिरपूड घेऊन ती सगळी फस्त करतात. वॉलरस खाताना त्यांच्यासाठी रडतोही. जगात वॉलरस कपटी आणि ढोंगी म्हणून मिरवला तो बराचसा या कवितेमुळे. येताना पामबीच रस्त्यावर भाऊजींनी बीटल्सचं १९६७ चं ‘मी वॉलरस आहे’ असं म्हणणारं गाणं लावलं होतं. ते कॉलेजात असताना त्यांनी या गाण्याची कॅसेट घासून घासून संपवली होती. जॉन लेननने वॉलरस उचलला तो याच कवितेतून. कवितेतला खलनायक वॉलरसच आहे हे आपल्या नंतर लक्षात आलं, असं त्याने पुढे सांगितलं होतं.

ईराला दोन्हींबद्दल तक्रार आहे, आणि मला ती पटते. खऱ्या वॉलरसची आई एका पिल्लाला पंधरा-सोळा महिने पोटात वाढवते आणि नंतर दोन-दोन वर्षं दूध पाजते, बरोबर घेऊन फिरते, पाठीवर बसवून पोहते. ज्या प्राण्याची आई अशी, त्याला लबाड म्हणणं हा अन्यायच. आणि मुख्यतः खातो तोही शिंपल्याच, कालवं नव्हेत. म्हणून आम्ही कालवं सोडून ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्या घेतल्या. तिसऱ्या घेताना तोंड मिटलेल्याच घ्या. उघडी असेल तर बोटाने टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला. बाजारात सुट्टे पैसे बरोबर ठेवा.

तिथून भरती चढायच्या सुमारास नेरुळला, सीवूड्सच्या मागच्या पाणथळीवर. इथली वेळ उलटी. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरतात, भरतीने चिखल बुडाला की विश्रांतीला आतल्या तळ्यांत येतात. त्यामुळे तळ्यांत पाणी येण्याची वाट मोकळी असणं, आणि तळं शांत असणं, दोन्ही हवं. शहरभर गुलाबी फ्लेमिंगोंचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. पण पक्ष्याला लागते ती चरायची जागा आणि तिच्याजवळ टेकायची जागा.

वॉलरसचंही नेमकं हेच आहे. त्याची शिंपल्यांची शेतं उथळ समुद्रात असतात आणि माद्या पिल्लांना घेऊन त्यावरच तरंगणाऱ्या बर्फावर विसावतात. बुडी मारायची, खायचं, वर येऊन बर्फावर पडायचं. उन्हाळ्यात बर्फ मागे सरकत खोल समुद्रावर गेला की खाली तळच लागत नाही. मग सगळ्यांना किनाऱ्यावर यावं लागतं. २०१४ मध्ये अलास्कात पॉइंट ले गावाजवळ एकाच किनाऱ्यावर सुमारे ३५,००० वॉलरस गोळा झाले. एवढ्या गर्दीत कशानेही दचकून पळापळ झाली तर पिल्लं चिरडतात. ईराने दिवाळीत टीव्हीवर पाहिलेली गर्दी ती हीच. तेव्हा तिला वाटलं होतं, सगळे मिळून मजा करतायत. वहीत त्या पानावर तिने नंतर लाल पेनाने लिहिलंय: ‘मजा नाही. जागा नाही.’

तळ्याकाठी तीन-चार मुलं होती, कॉलेजातली. पक्षी उडाले की व्हिडिओ छान येतो म्हणून टाळ्या वाजवत होती. एकाने खडा उचलला. मी काही म्हणायच्या आत ईरा त्यांच्याजवळ गेली. “दादा, नको ना. ते झोपायला आलेत.” मग तिने त्यांना फ्रेयाची गोष्ट सांगितली. २०२२ च्या उन्हाळ्यात नॉर्वेत ऑस्लोच्या खाडीत एक तरुण वॉलरस मादी आली. लोकांनी तिला फ्रेया म्हणायला सुरुवात केली, प्रेमाच्या देवीचं नाव. ती छोट्या होड्यांवर चढून झोपायची. सहाशे किलो वजन, काही होड्या बुडाल्याही. बघ्यांची झुंबड उडाली, लोक पोरांना घेऊन अगदी जवळ जायला लागले. जवळ जाऊ नका असं पुन्हा पुन्हा सांगूनही ऐकेनात. शेवटी माणसांना धोका आहे म्हणून १४ ऑगस्टला तिथल्या मत्स्य खात्याने तिला मारून टाकलं. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून तिचा पुतळा उभारला.

त्या मुलाने खडा खाली टाकला. “पुतळा?” तो म्हणाला. ईराने मान डोलावली आणि त्याच दमात थॉरची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला इंग्लंडमध्ये स्कारबरोच्या बंदरात एक वॉलरस येऊन झोपला. तिथल्या नगरपालिकेने त्याची झोपमोड होऊ नये म्हणून नववर्षाची आतषबाजीच रद्द केली. थॉर निवांत झोपला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. मुलं नंतर बराच वेळ आमच्याबरोबर शांत उभी होती. एकाने ईराला त्याच्या कॅमेऱ्यातून पक्षी जवळ आणून दाखवले. डोळा लाल असतो हे तिला तेव्हा कळलं.

घरी यायला अडीच वाजले. ताईने तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या, वाळू सुटायला. मग विळीवर एकेक उघडली, एका बाजूची शिंपली तशीच ठेवून. ओलं खोबरं, कांदा, आमसूल, तिचा घरचा मसाला. याला एकशिपी म्हणतात. भाताबरोबर खायला बसलो. ईराने पहिली तिसरी बोटांनी उचलली, ओठांत धरली, डोळे मिटले, आणि जीभ झटकन मागे ओढली. ‘सुर्र’ असा आवाज झाला आणि रिकामी शिंपली ताटात पडली. “चावायचं नाही,” ती म्हणाली. मग भाऊजींनीही तसंच केलं, मिशांना मसाला लागला. ताईने केलं. मी केलं. एरवी ताटात काट्या-कवचांचा पसारा तिला आवडत नाही, पण त्या दुपारी ताईने सगळ्यांच्या शिंपल्या मोजल्या. ईराच्या एकवीस.

जेवणानंतर भिंतीवरच्या नकाशात भाऊजींनी तिला स्वालबार्ड शोधून दाखवलं. तिथे हिमाद्री नावाचं भारताचं संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. तिथले वॉलरस एके काळी सुळ्यांसाठी, चरबीसाठी मारून जवळजवळ संपवले होते. १९५२ मध्ये शिकारीला बंदी आली आणि ते हळूहळू परत आले. ईराने विचारलं, “हिमाद्रीत जायला काय शिकावं लागतं?” भाऊजींनी ते गंभीरपणे घेतलं. कागद काढून दोघं बारावीनंतरच्या वाटा लिहीत बसले. तो कागद आता वहीत चिकटवलाय.

रात्री खोपटहून परतीची गाडी होती. पनवेल मागे पडल्यावर कंडक्टरने दिवे मालवले. मला डुलकी लागत होती, तेवढ्यात ईराने माझा उजवा हात ओढला आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. “डोळे मिट. कुठली सांग.” मी अंगठा फिरवला. म्हटलं, गुळगुळीत. ती म्हणाली, “नीट बघ,” आणि माझा अंगठा धरून कडेकडेने हळूच फिरवला. तेव्हा कुठे बारीक रेघा लागल्या, एकामागून एक.